सोडून दिलेला घाटरस्ता पायी आणि सायकलीने चालण्याजोगा कसा करावा: गोव्याच्या पावसाचा हिशेब धरून

जुना रस्ता पाहायचा तर जुलैत पाहावा, छत्री आणि गमबूट घेऊन. जानेवारीत तो फसवतो. डांबर बऱ्यापैकी शाबूत असतं, कडेने काजू मोहरलेला असतो, खाली दरीत कुळागराची, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेची, हिरवी पट्टी दिसते आणि वाटतं, एवढा पालापाचोळा झाडला, दोन पाट्या लावल्या की झालं काम. जुलैत त्याच रस्त्याचं दुखणं उघडं पडतं. डोंगरातून आलेलं पाणी गटार सोडून रस्त्यावरून वाहतं, वळणाच्या बाहेरच्या कडेने दरीत उडी घेतं आणि प्रत्येक सरीबरोबर कडेची एक ओंजळ माती घेऊन जातं.

बंद पडलेला रस्ता चाकांनी मरत नाही, पाण्याने मरतो. वाहतूक होती तोवर कोणीतरी रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या मोऱ्या साफ करत होतं. वाहतूक गेली, साफसफाई थांबली आणि पाण्याने आपली वाट शोधली. म्हणून कामाचा क्रम आधी कागद, मग पाणी, मग भिंती आणि सगळ्यात शेवटी डांबर असा ठेवावा. हा क्रम उलटा केला की पहिल्याच पावसाळ्यात नवं डांबर चादरीसारखं उचललं जातं.

कोणता तुकडा निवडावा

चोर्ला, अनमोड, करमळ हे घाट आजही वाहते आहेत. त्यांच्याबद्दल हा लेख नाही. महामार्ग रुंद आणि सरळ करताना तुटून पडलेली वळणं, नवा पूल झाल्यावर उरलेले जुन्या पुलाचे जोडरस्ते, डोंगराला वळसा घालणारे आणि आता कुठेच न जाणारे तुकडे, हे आपलं क्षेत्र. बगलरस्ता झाला म्हणून जुना रस्ता मोकळा झाला असंही नसतं. काणकोणात माशें ते चाररस्ता हा बगलरस्ता २०१९ मध्ये सुरू झाला, अवजड वाहतूक तिकडे गेली, पण जुना रस्ता गावाच्या रोजच्या वापरात राहिला. अशा रस्त्यावर वेग कमी करण्याचे उपाय लागतात, तो विषय निराळा.

पहिल्यांदा दोन ते चार किलोमीटरचा तुकडा घ्या. त्याची दोन्ही टोकं वाड्याशी म्हणजे वस्तीशी, बसथांब्याशी किंवा चालू रस्त्याशी जोडलेली असली पाहिजेत. एका टोकाला वाट बंद असलेल्या रस्त्यावर लोक दोनदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत.

जुन्या घाटरस्त्याची सगळ्यात मोठी पुंजी म्हणजे त्याचा चढ. भरलेल्या ट्रकला आणि बसला झेपावा म्हणून तो बहुतेक ठिकाणी २० मीटरला १ मीटर, म्हणजे ५ टक्के राखलेला असतो. अवघड जागी ७ टक्क्यांपर्यंत जातो. साध्या गिअरच्या सायकलीला ५ टक्के चढ चांगला जमतो. तो मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरा, १० मीटर अंतरावर दोन काठ्यांना धरा आणि पातळीतला फरक मोजा. ५० सेंटिमीटर फरक म्हणजे ५ टक्के. दर २० मीटरला हे मोजून वहीत लिहा. पुढे सगळीकडे हा आकडा लागतो.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात कोलंबिया नदीकाठचा जुना महामार्ग असाच सोडून दिला गेला होता. सॅम्युअल लँकास्टर या अभियंत्याने १९१३ पासून आखलेला तो रस्ता त्याने मुद्दाम ५ टक्क्यांच्या आत ठेवला होता. नवा महामार्ग नदीच्या पातळीवरून गेल्यावर जुन्याचे तुकडे पडले. १९८७ च्या राज्य कायद्याने ते जपून पायी-सायकल वाटेने जोडायचं ठरलं. मोझियर गावाजवळचे दोन बोगदे दगडमातीने भरून टाकलेले होते. ते उपसून २००० मध्ये वाट खुली झाली. तिथून जवळच मिचेल पॉइंटचा खिडक्यांचा बोगदा होता, तो मात्र १९६६ मध्ये फोडून टाकला होता. त्याच्या जागी नवा बोगदा खोदून २०२५ मध्ये तो दुवा जोडावा लागला. म्हणून पहिल्या दिवसापासून एक पथ्य पाळावं: जुनी भिंत, कठडा, मोरी, किलोमीटरचा दगड, जे उभं आहे ते पाडायचं नाही.

कागद

जमीन कोणाच्या नावावर आहे हे कळल्याशिवाय कोयताही उचलू नका. महामार्गाचा तुकडा सोडून दिला म्हणजे तो गावाचा झाला असं होत नाही. राष्ट्रीय महामार्ग असेल तर तो राज्याकडे हस्तांतरित झाला का, याचं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याकडून लेखी घ्या. सर्व्हे आराखडा आणि लगतच्या जमिनींचे फॉर्म १ व १४, म्हणजे गोव्यातले जमिनीचे उतारे, काढा. रस्त्याच्या वरची किंवा खालची जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची, असू शकते. गटाराचं पाणी त्यांच्या जमिनीत सोडायचं तर त्यांची संमती हवी.

रस्ता अभयारण्यातून किंवा राखीव वनातून जात असेल तर वन खातं हा पहिला दरवाजा. १९८० चा वन संवर्धन कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू होतो, आणि जुनं डांबर आहे म्हणून नव्या कामाला सूट मिळत नाही. खाडीकाठी किनारी नियमन क्षेत्राची परवानगी पाहा. झाड तोडायचं तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, मग ते झाड डांबर फोडून भर रस्त्यात उगवलेलं का असेना.

मग रविवारची ग्रामसभा. तिथे नकाशा भिंतीवर लावा आणि तीन प्रश्न विचारा: या रस्त्यावरून कोणाच्या काजूबागेत, कुळागरात गाडी जाते? नळाची पाइप, विजेचे खांब, फायबर कुठून गेलं आहे? कोणत्या वळणावर राखणदाराची (गाव राखणाऱ्या देवाची) जागा, घुमटी (छोटं देऊळ) किंवा खुरीस (क्रूस) आहे? तिसरा प्रश्न सगळ्यात आधी विचारलात तरी चालेल. त्या जागा हलवायच्या नसतात. वाट त्यांना वळसा घालून जाते, आणि वर्षातून एकदा तिथे माणसं जमतात तेव्हा वाट त्यांची असते, हे ठरावातच लिहून घ्या.

पावसातली पाहणी

दर २० मीटरला पिवळ्या रंगाने खूण आणि आकडा टाका. ही कामाची मोजपट्टी. ठेकेदार, स्वयंसेवक, अभियंता सगळ्यांनी याच आकड्यांत बोलायचं. मग जोराच्या सरीत एकदा आणि पाऊस थांबल्यावर तीन दिवसांनी एकदा, असं दोनदा चालत जा. प्रत्येक खुणेपाशी पाणी कुठून येतं, कुठे जातं, रंग कसा आहे, हे लिहा.

रंग फार सांगतो. लाल पाणी म्हणजे वर कुठेतरी माती सुटते आहे. गटारात स्वच्छ पाणी असेल तर गटार काम करतं आहे. पण तीन दिवस उघाड असूनही भिंतीच्या सांध्यातून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर मागे झरा आहे, आणि त्या भिंतीला पाणी बाहेर सोडणारी भोकं पुरेशी नाहीत. असं पाणी डोंगराकडच्या भिंतीतून आलं तर गटारात घेता येतं. दरीकडच्या भिंतीच्या पायथ्याशी दिसलं तर ते रस्त्याच्या पोटातून येतं आहे, ती जागा लाल शाईने लिहा.

पाण्याने रस्ता कुठे ओलांडला हे पाऊस नसतानाही ओळखता येतं: डांबरावर बारीक वाळूची जिभेसारखी पट्टी उरते. तिचं टोक दरीकडे असतं. त्या टोकापाशी वाकून कडेखाली बघा. डांबराच्या खालची माती गेलेली आणि वर नुसता पापुद्रा राहिलेला आढळेल. पाय देऊ नका.

गटार आणि मोऱ्या

खर्चाचा मोठा वाटा इथेच जाऊ द्या. गोव्यात वर्षाला किनारपट्टीवर ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सह्याद्रीच्या उतारावर त्याहून बराच जास्त, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत.

डोंगराकडचं गटार आधी पूर्ण उपसा. तळ दगडी निघाला तर तसाच ठेवा. नवं करायचं तर वरची रुंदी ६० आणि खोली ४५ सेंटिमीटर, बाजू तिरप्या. उतार ४ टक्क्यांहून जास्त असेल तर मातीचा तळ टिकत नाही. दगड उभे रोवून फरसबंदी करा.

मग मोऱ्या. प्रत्येक मोरी दोन्ही तोंडांनी साफ करा आणि पलीकडचा उजेड दिसतो का पाहा. आत माणूस उतरवू नका. लांब बांबू आणि पाण्याचा पंप पुरतो. बंद मोरीत साप आणि साळिंदर दोन्ही असतात, वर कुजलेल्या पाल्याचा वायूही. म्हणून साफ करणाऱ्याने तोंडासमोर उभं न राहता बाजूने काम करावं.

मोरी पुरेशी मोठी आहे का, हा हिशेब सोपा आहे. वरच्या पाणलोटाचं क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये आणि वाहून येणाऱ्या पाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसाचा किती हिस्सा वाहून येतो तो), या तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागा. सेकंदाला घनमीटर मिळतात. उदाहरण म्हणून ४ हेक्टर पाणलोट, तासाला १०० मिलिमीटर आणि भिजून चिंब झालेल्या डोंगराचा गुणांक ०.६ घ्या: ०.६ × १०० × ४ ÷ ३६० म्हणजे सेकंदाला ०.६७ घनमीटर. १ टक्का उतारावरची ६०० मिलिमीटरची काँक्रीट पाइप पूर्ण भरून ०.६ च्या थोडं वर वाहून नेते, म्हणजे काठावर नापास. ९०० मिलिमीटरची पाइप १.८ घनमीटर नेते. कागदावर ७५० ची पुरली असती, तरी ९०० चीच घाला, कारण जुलैत पाइप कधीच पूर्ण मोकळी नसते; फांद्या आणि पाला तिचा तिसरा हिस्सा खातात. शिवाय लहान पाइप साफ करता येत नाही, आणि जी साफ करता येत नाही ती तीन वर्षांत बुजते.

पाणी आत घेण्याइतकंच बाहेर सोडणंही महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक कामं फसतात. मोरीतून सुटलेलं पाणी खालची माती खणतं, खड्डा मागे मागे सरकतो आणि एक दिवस भिंतीचा पाया हवेत लटकतो. पाइपच्या व्यासाच्या तिप्पट लांब, म्हणजे ९०० च्या पाइपला पावणेतीन ते तीन मीटर, अशी मोठ्या दगडांची फरसबंदी करा. दगड २० ते ३० सेंटिमीटरचे, कठीण. जांभा नको, तो झिजतो.

आता रस्त्याची कड. वर्षानुवर्षं माती आणि गवत साचून बाजूपट्टी डांबरापेक्षा उंच झालेली असते आणि रस्ता थाळीसारखा पाणी धरून ठेवतो. बाजूपट्टी खरवडून डांबराच्या २५ मिलिमीटर खाली आणा. एक मीटर रुंद, पाच सेंटिमीटर जाड थर काढला तर किलोमीटरला ५० घनमीटर माती निघते, म्हणजे दहा-बारा छोटे टिप्पर. ती दरीत ढकलायचा मोह होतो. ढकलू नका: ती खालच्या व्हाळात (ओढ्यात) जाते, कुळागराच्या पाटात बसते आणि ज्या माणसाने ग्रामसभेत तुमच्या बाजूने हात वर केला त्याचंच नुकसान होतं. सपाट जागी ढीग करा, खड्डे भरायला लागेल.

रस्ता खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, कडेने जात असेल तर बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारं दार) यांना हात लावायचा नाही. तिथल्या पाण्याचं वेळापत्रक भरती-ओहोटीचं असतं, आपल्या मोरीचं नव्हे.

भिंती आणि कठडे

दरीकडची आधारभिंत फुगली आहे का, हे ओळंबा सोडून मोजा आणि आकडा तारखेसह भिंतीवर लिहा. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटच्या दोन ठिपक्यांनी चिकटवा; पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. एका पावसाळ्यात भेग ३ मिलिमीटरहून जास्त वाढली तर पुढचा निर्णय संरचना अभियंत्याचा. जुन्या पुलाच्या स्लॅबखाली गंजलेली सळी दिसली तरीही तसंच. पायी वाटेच्या पुलावर दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरतात. गर्दी उभी राहिली तर तो हलका नसतो.

बहुतेक भिंतींना मात्र पाणी बाहेर जायची सोय केली तरी पुरतं. बुजलेली भोकं लोखंडी सळीने मोकळी करा. नवी पाडायची तर ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची, दीड मीटर अंतरावर, बाहेरच्या बाजूला उतरती. मागची माती उपसून काम करायचं असेल तर एका वेळी दोन-तीन मीटरचाच टप्पा उघडा आणि शेजारचा सोडून पुढचा घ्या. लांबलचक चर खणला की भिंत उघड्यावर पडते. मागे ३० सेंटिमीटर जाड खडीचा थर द्या, नाहीतर भोकं पुन्हा मातीने बुजतात.

भिंतीत रुजलेल्या पिंपळ-वडाची रोपं ओढून काढू नका. मुळासकट चिरे येतात. बुंधा बुडाशी कापा, साल सोलून काढा, आणि नवे फुटवे दर दोन महिन्यांनी खुडत राहा. मूळ उपाशी मरतं. वाळल्यावर उरलेली पोकळी चुन्याने भरा.

चुनाच का, सिमेंट का नाही? जांभ्याचा चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, पावसाळाभर पाणी पितो आणि नंतर ते सोडतो. सांधा सिमेंटचा असेल तर ओल सांध्यातून जात नाही, चिऱ्याच्या अंगातून जाते, आणि चिराच पिठासारखा झडायला लागतो. दहा वर्षांनी सिमेंटचे सांधे जाळीसारखे उभे आणि मधले चिरे आत गेलेले असं दृश्य कितीतरी कठड्यांवर दिसतं. चुन्याचा सांधा दगडाआधी झिजतो, आणि सांधा पुन्हा भरता येतो. पणजी ते रायबंदर हा १६३० च्या दशकातला जांभ्याचा सेतूमार्ग आजही वाहतूक पेलतो. चिरा नीट राखला तर किती चालतो याचा तो पुरावा.

नुसता कळीचा चुना आपल्या दमट हवेत आतपर्यंत घट्ट होत नाही. म्हणून १ भाग चुना, १ भाग सुरखी म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेची भुकटी, आणि २ भाग नदीची धुतलेली वाळू असं मिश्रण घ्या. किनाऱ्याची वाळू नको, तिच्यातलं मीठ चिऱ्याला खातं. सांधा २५ ते ३० मिलिमीटर खोल खरवडा, पाणी मारून ओला करा, मसाला दाबून भरा आणि ओलं गोणपाट किमान १४ दिवस वर ठेवा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. एप्रिलच्या उन्हात चुना भराभर सुकून भेगाळतो, आणि मेमध्ये भरलेला सांधा जूनमध्ये धुऊन जातो.

दरीकडची कड खचून गेली असेल तिथे आधी वाट आतल्या बाजूला सरकवून भागतं का पाहा. थोड्या अंतरासाठी दोन मीटर रुंदीही चालते. तेवढीही उरली नसेल तर तारेच्या जाळीतल्या दगडांची भिंत करा. २ × १ × १ मीटरच्या पेटीला दोन घनमीटर कठीण काळा दगड लागतो, १५ ते २५ सेंटिमीटरचा, म्हणजे जाळीतून निसटत नाही. पाया अर्धा मीटर खोल, भिंत डोंगराकडे किंचित कललेली, मागे गाळणीचं कापड. कापड विसरलं तर मागची माती दगडांतून वाहून जाते आणि वर खड्डा पडतो.

साफसफाई आणि तीन मीटरची वाट

रानमोडी आणि घाणेरी मुळासकट उपटा, आणि ते पावसात करा, माती मऊ असताना. रानमोडी गणेश चवथीच्या आगेमागे उपटली तर फुलण्याआधी हाती लागते. डिसेंबर-जानेवारीत उपटलीत तर कापसासारखं बी आपणच वाटभर पेरत जातो. मोकळ्या झालेल्या उतारावर लगेच वाळ्याचे ठोंब लावा, दोन ठोंबांत १५ सेंटिमीटर, ओळी समपातळीत.

जुना रस्ता साडेपाच ते सात मीटर रुंद असतो, आणि आपल्याला तीन मीटर पुरतात. उरलेलं डांबर उखडून झाडं लावावीत, ही सूचना हमखास येते. दरीकडचं डांबर उखडू नका. ते भरावाचं छप्पर आहे. काढलं की पाऊस भरावात मुरतो आणि जी कड पन्नास वर्षं टिकली ती दोन पावसांत सुटते. तीन मीटरची वाट डोंगराकडच्या गटारापासून एक मीटर सोडून आखा, बाहेरचा पट्टा तसाच राखा. झाडं लावायची ती डोंगराच्या पायथ्याशी सपाट जागा मिळेल तिथे, वाटेपासून किमान अडीच मीटरवर: मट्टी, किंदळ, जांभूळ, ओवळ, भिरंड. अकेशिया नको.

पृष्ठभाग

३ मिलिमीटरपेक्षा बारीक भेगा सोडून द्या. ३ ते २० मिलिमीटरच्या भेगा तारेच्या ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ करा, पूर्ण कोरड्या झाल्यावर डांबराचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) आणि बारीक वाळू भरा. खड्डा असेल तर चौकोनी कापा, बाजू उभ्या सरळ ठेवा, तळाची सैल माती काढा, बाजूंना आणि तळाला इमल्शन लावा आणि ५० मिलिमीटरच्या थरांत मिश्रण भरून ठोका. गोल खड्ड्यात नुसतं मिश्रण ओतून फावड्याने थोपटलं की ते पहिल्या पावसात वाटोळं सुटून येतं.

पूर्ण नवा थर घालायचाच असेल तर हिशेब असा: १ किलोमीटर × ३ मीटर × २५ मिलिमीटर म्हणजे ७५ घनमीटर, वजनाने सुमारे १७५ टन, खालच्या चिकट थराला चौरस मीटरला पाव किलोप्रमाणे ७५० किलो इमल्शन. आमचा सल्ला, तो टाळा. दर किलोमीटरला ४५० चौरस मीटर इतकी ठिगळं ५० मिलिमीटर जाडीने मारली तरी ५० टनांच्या आसपास काम होतं, आणि वाचलेले पैसे मोऱ्यांना जातात. आडवा उतार अडीच टक्के, म्हणजे तीन मीटरला साडेसात सेंटिमीटर, आणि तो डोंगराकडच्या गटारात जाणारा ठेवा.

लाल मुरुमाची वाट छायाचित्रात सुंदर दिसते. ५ टक्के उतारावर ती जूनच्या पहिल्या आठवड्यात खालच्या वळणावर जमा झालेली असते. सिमेंटचे पेव्हर सावलीत शेवाळ धरतात आणि एकेक करून खचतात. डांबर होतं, डांबरच राहू द्या.

शेवाळ मात्र डांबरावरही येतं. त्यावर औषध म्हणजे ऊन आणि वारा. झाडं न तोडता खालच्या फांद्या तीन मीटर उंचीपर्यंत छाटा, पाला साचू देऊ नका, आणि जुलै-ऑगस्टमध्ये वळणं कडक झाडूने घासा. ब्लीचिंग पावडर टाकली तर ती व्हाळात उतरते आणि बेडकांची पिल्लं मरतात.

वळणं, कठडे, फाटक

ओल्या रस्त्यावर ५ टक्के उतारावरून ताशी २५ किलोमीटर वेगाने येणाऱ्या सायकलस्वाराला थांबायला ३५ मीटर लागतात. वळणाच्या आतल्या बाजूची झुडपं एवढं अंतर दिसेल इतकी, जमिनीपासून एक मीटरच्या वरची, छाटून ठेवा. वळणावर मधोमध १० सेंटिमीटरची पांढरी रेघ मारा. त्याहून रुंद रंग ओला झाला की चाक घसरतं. वेग कमी करायला आडव्या उंच पट्ट्या घालू नका, उतारावर त्यांनीच माणसं पडतात. गटारावरच्या जाळीच्या सळ्या वाटेला आडव्या हव्यात. उभ्या असल्या तर सायकलीचं चाक आत जातं.

कडेपासून दीड मीटरच्या आत दीड मीटरहून खोल उतार असेल तिथे कठडा हवा. पायी चालणाऱ्याला १.१ मीटर उंची चालते, सायकलस्वाराला १.२ ते १.४. जुना जांभ्याचा कठडा गुडघ्याच्या जरा वर असतो. त्याच्यावर बांधकाम चढवू नका, पाया ते वजन धरत नाही. आतल्या बाजूला ३० सेंटिमीटर सोडून जस्तलेपित पाइपचा स्वतंत्र कठडा स्वतःच्या पायावर उभा करा.

टोकाला एकच खांब मधोमध, एक मीटर उंच, परावर्तक पट्टीसह. दोन्ही बाजूंना दीड मीटरच्या आसपास जागा राहते आणि व्हीलचेअर सहज जाते. दोन खांब लावले तर एक नेमका सायकलस्वाराच्या रेषेत येतो. खांब काढता येणारा, कुलपाचा. किल्ल्या पंचायत, अग्निशमन दल आणि बागायतदारांकडे. फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम, बोंडू वाहायला पिकअप लागते. तिला अडवलंत तर खांब उखडलेला सापडेल, आणि चूक तुमची असेल. स्कूटर या फटीतून जाणारच. फट अरुंद करून फक्त व्हीलचेअर अडते, म्हणून दुचाकीचा बंदोबस्त लोखंडाने होत नाही, ग्रामसभेच्या ठरावाने आणि वाड्यातल्या माणसांच्या नजरेने होतो.

दर २०० मीटरला ठळक आकडा असलेला खुंट लावा, म्हणजे १०८ ला फोन करणाऱ्याला जागा सांगता येते. मोबाइलला रेंज नसलेले पट्टे टोकाच्या पाटीवरच लिहा. कचऱ्याच्या पेट्या फक्त टोकांना. मध्ये ठेवल्या की माकडं आणि कुत्री वाटेवर वस्तीला येतात.

दिवे लावू नका. तापलेलं डांबर संध्याकाळी उशिरापर्यंत उबदार राहतं आणि साप त्यावर येऊन पडतात. पावसाळी रात्री बेडूक आणि खेकडे वाट ओलांडतात, घाटाकडे गवे चरायला उतरतात. सूर्यास्त ते सूर्योदय वाट बंद ठेवणं हे माणसांसाठीही बरं.

वेळापत्रक आणि पहिला पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये पाहणी. चवथीनंतर आराखडा आणि परवानग्यांचा पाठपुरावा. नोव्हेंबरपासून मोऱ्या, गटार, चुन्याचं काम. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळीच्या भिंती आणि कठडे. एप्रिलमध्ये डांबर. १५ मेनंतर नवं काही उघडायचं नाही. अर्धवट खणलेला चर पावसात सापडला की नव्या जखमेसारखा वाढतो. परवानग्या उशिरा आल्या तर काम पुढच्या वर्षावर ढकला.

वाट लोकांना खुली करायची ती मेमध्ये नव्हे, पहिला पावसाळा काढून ऑक्टोबरमध्ये. त्या चार महिन्यांत आठवड्यातून एकदा, आणि मोठ्या सरीनंतर लगेच, दोन माणसांनी फावडं, कोयता, लांब बांबू आणि ती वही घेऊन चालायचं. मोरीच्या तोंडावरचा पाला काढायचा, काचेच्या पट्ट्या पाहायच्या, ओळंब्याचे आकडे पुन्हा घ्यायचे, कुठे लाल पाणी दिसलं ते पिवळ्या खुणेच्या आकड्यासह लिहायचं. ऑक्टोबरमध्ये वही उघडून ज्या खुणा तीनदा आल्या आहेत त्या आधी दुरुस्त करा, आणि मगच खांबाचं कुलूप लावून वाट चालणाऱ्यांच्या हाती द्या.